धर्मापुरी युनायटेडची राखण

१३ सप्टेंबर, शनिवार

कोणीतरी टीमला हात लावला आहे.

काल संध्याकाळी मी वासराला कॅप्टन केलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आज सकाळची शाळा करून आले, पर्स खांद्यावर असतानाच सौरभच्या खोलीत गेले, टॅब उघडला, तर कॅप्टनचा पट्टा सटवामामाच्या दंडावर आणि वासरू बेंचवर.

ही नावं माझी. खेळाडूंची खरी नावं माझ्या जिभेला वळत नाहीत. उंच, गोरा, मॅचभर निवांत उभा राहून एकदाच पाय लावणारा, तो सटवामामा. माझे सटवामामा शेळ्या राखताना असेच उभे असायचे, काठीवर हनुवटी टेकून. गोलकीपर ती ताराबाई, आमच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई. त्यांच्या दारातून मांजर आत गेलं नाही कधी. आणि वासरू म्हणजे एक पोरगेलासा खेळाडू. दावं सुटल्यासारखा उधळतो.

खेळ सौरभचा, माझ्या मुलाचा. इंग्लंडात खरे सामने होतात, त्यांतल्या खेळाडूंमधून आपण पंधरा जण निवडायचे. अकरा खेळवायचे, चार बेंचवर. ते तिकडे जसे खेळतील तसे इकडे आपल्याला गुण, कॅप्टनला दुप्पट. आठवड्याला एक माणूस फुकट बदलता येतो, त्यावर आणखी बदलला की चार गुण उणे. शनिवारी दुपारी साडेतीनला बहुतेक कुलूप पडतं, मग काही बदलता येत नाही. सौरभ आणि त्याचे कॉलेजातले मित्र आपसात लीग करून खेळायचे. त्याच्या टीमचं नाव धर्मापुरी युनायटेड. आजोबांचं गाव म्हणून.

जुलैत तो पुण्याहून आला आणि जेवताना म्हणाला, मी मुख्य परीक्षेला बसणार नाही, अभ्यासिका मागेच सोडलीय, एका गोदामात कामाला जातो. संजय, त्याचे पप्पा, ताटावरून उठले. हात धुऊन त्याचा टॅब घेऊन बसले. अभ्यासाला म्हणून घेतलेला टॅब, आणि त्यात निम्मं फुटबॉल. मग म्हणाले, "निकाल घेऊन ये, न्हाईतर येऊ नकोस." सौरभ टॅब पलंगावर ठेवून गेला. तेव्हापासून फोन उचलत नाही. सोमनाथकडून, त्याच्या मित्राकडून, एवढंच कळतं की बरा आहे.

ऑगस्टमध्ये त्या टॅबवर सूचना आली, हंगाम सुरू होतोय, तुमची टीम तयार नाही. शेजारच्या घरात मूल रडत असावं आणि घरात कोणी नसावं, तसं मला झालं. खुर्ची ओढून बसले. तेव्हापासून मी टीम सांभाळते. संजयना सांगितलेलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर हा टॅब आला तर ते तो फोडतील.

मग आज हात कोणी लावला? काल बॅटरी लाल झाली होती, आज पूर्ण भरलेली. चार्जिंगला मीच लावला असेन.

१५ सप्टेंबर, सोमवार

सटवामामाने तीन गोल केले. वासरू मैदानात उतरलंच नाही, मांडीचा स्नायू धरला म्हणे. ज्याने बदल केला त्याला हे आधीच ठाऊक होतं.

चोर घरात शिरला आणि भांडी घासून गेला. अशा चोराची जास्त भीती वाटते.

२० सप्टेंबर, शनिवार

पुन्हा. वासरू टीममधूनच काढलं. त्याच्या जागी एक डिफेंडर, गोल न खाणाऱ्या टीमचा. कॅप्टन तोच.

जखमी आहे म्हणून पोराला काढून टाकायचं? मी वर्गात असं करत नाही. सहामाहीत नापास झाला म्हणून नाव कमी करत नाही कोणाचं.

दुसरी गोष्ट. सौरभच्या टेबलावर संजयचा वाचायचा चष्मा सापडला. ते त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत असं मी समजत होते. चष्मा मी मुकाट्याने टीव्हीवर नेऊन ठेवला. ते शोधत आले, उचलला, काही विचारलं नाही. मीही नाही. टॅब शोधत असणार. त्यांचा राग वरून दिसत नाही, बोअरच्या पाण्यासारखा खोल असतो.

टॅब दिवाणात ठेवला, गोधड्यांच्या तळाशी. दिवाणाची फळी इतकी जड आहे की आम्ही वर्षातून एकदा उचलतो.

२७ सप्टेंबर, शनिवार

टॅब गोधड्यांखाली होता, मी ठेवला तसाच. तरी बेंचवरची माणसं वरखाली झालेली, एक नवीन डिफेंडर आलेला. म्हणजे घरातलं कोणी नाही. ज्याच्याकडे पासवर्ड आहे, तो बाहेरून आत येतो.

हे कळल्यावर हायसं वाटायला हवं होतं. उलट दुपारभर दाराची कडी दोनदा बघून आले.

संजयच्या पाठीत उसण भरली आहे. शनिवार-रविवार पंचायत समितीला सुट्टी, आरामात बसून असतात, तरी कशी भरली विचारलं तर म्हणाले, वय झालं. गरम तेल लावून दिलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

शाळा सुटल्यावर सोमनाथच्या दुकानात गेले. बसस्टँडमागे मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, तोही या लीगमध्ये आहे. माझा संशय त्याच्यावरच होता. सौरभने त्याला पासवर्ड दिला असू शकतो. आडून विचारायचं ठरवलं होतं, पण मला आडून विचारता येत नाही.

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "काकू, मी तिसऱ्या नंबरला हाय, तुमी चौथ्या. तुमची टीम सुदरवून मला काय भेटंल?"

मग म्हणाला, धर्मापुरी युनायटेड काकू चालवतात हे लीगमध्ये कोणालाच माहीत नाही, सगळ्यांना वाटतं सौरभच आहे. "पण सौरभनं तर खेळ सोडला म्हनला मला. तुमी पासवर्ड बदला की. मिनिटाचं काम हाय."

टॅब त्याने हातात घेतलाही. मी परत घेतला.

पासवर्ड बदलला तर चोर बाहेर राहील, खरं. पण तो चोर सौरभ असेल तर?

रस्ताभर हेच. सोमनाथला सोडला म्हणाला, पण सोमनाथला सगळं खरं सांगेलच असं कुठे आहे. आम्हाला वर्षभर अभ्यासिकेत जातो म्हणून सांगत नव्हता का? घरी येईपर्यंत माझी खात्री झाली होती. तो रात्रपाळी करून येत असेल, शनिवारी सकाळी पडल्या पडल्या टीम बघत असेल, आईने केलेला घोळ निस्तरत असेल.

जखमी वासरू त्याने काढलं, हे मात्र मनाला लागलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. धर्मापुरीच्या विहारात गेलो. माझी पांढरी साडी, संजयचा कडक इस्त्रीचा सदरा. मुक्ताबाईंनी, संजयच्या चुलतीने, वंदना झाल्या झाल्या विचारलं, "पोरगं कावून आलं न्हाई?"

संजय म्हणाले, "मुख्य परीक्षा जवळ आलीय त्याची. मीच म्हनलं नको येऊ."

डोळ्याची पापणी हलली नाही. मी बाजूला उभी राहून हे ऐकलं. खोटं बोलायचं होतं तर मला आधी सांगायचं, मी माझा चेहरा तसा ठेवला असता.

परतताना जुन्या देवळाकडच्या मैदानात पोरं फुटबॉल खेळत होती. संजयनी गाडीचा वेग कमी केला. म्हणाले, "सगळेच पुढं पळतात. मागं एकानं तरी थांबावं का न्हाई?"

ज्यांच्यामुळे पोरगं गेलं त्यांनी फुटबॉलवर बोलू नये. घरी आल्यावर जेवणही गेलं नाही. आठवडाभर हेच चाललंय, ताट वाढते आणि झाकून ठेवते.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

टीमचं नाव बदलता येतं. अक्षरं मोजकीच मिळतात. आज संध्याकाळी धर्मापुरी युनायटेड पुसून लिहिलं:

जेवलास का

लीगमधली पोरं हसतील. हसू देत.

४ ऑक्टोबर, शनिवार

शाळेत लक्ष नव्हतं. आठवीच्या मुलांना एकच उतारा दोनदा वाचून दाखवला. घरी आले. दिवाणाची फळी एकटीने उचलली.

नावाच्या जागी लिहिलं आहे:

जेवलो

४ ऑक्टोबर, संध्याकाळ

येसर केलं, भाजल्या पिठाची तिखट आमटी. सौरभला भाकरी चुरून त्यावर येसर लागतं, वर कच्चं तेल. संजयनी दोनदा मागून घेतलं. मी पण भरपूर जेवले. ते माझ्या ताटाकडे बघत होते, मी बघितल्यावर त्यांनी मान खाली घातली.

त्यांना सांगावंसं वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं. पण विहारातला तो चेहरा आठवला. ज्याला इतकं सहज खोटं बोलता येतं त्याच्या हातात ही एवढीशी खरी गोष्ट कशी द्यायची?

११ ऑक्टोबर, शनिवार

या आठवड्यात लीगला सुट्टी आहे. काल नाव बदललं होतं, कुठे आहेस. आज उत्तर नाही. नुसतं पुन्हा धर्मापुरी युनायटेड केलेलं आहे.

प्रश्न आवडला नसेल. मी पोलीस नाही बाबा, आई आहे. पुन्हा विचारणार नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

राजश्रीला सगळं सांगितलं. ती विज्ञान शिकवते, माझी एवढी एकच मैत्रीण स्टाफरूममध्ये. तिने आधी टीम बघितली. म्हणाली, "ह्यात पाच डिफेंडर आहेत. तूच सांगत होतीस ना, सौरभ डिफेंडर घ्यायचाच नाही?"

खरं आहे. सौरभ म्हणायचा, डिफेंडर म्हणजे लग्नातला जेवणाचा खर्च, करावा लागतो म्हणून करायचा. सगळे पैसे पुढच्या माणसांवर. दर आठवड्याला तीन-चार माणसं बदलायचा, उणे चार, उणे आठ, खुशाल. हा हात एकदाही उणे चार घेत नाही. फुकटचा एक बदल, बस. बेंचवरचा शेवटचा माणूससुद्धा खेळणारा हवा.

"माणूस बदलतो गं," मी म्हटलं. "गोदामात उभं राहून राहून शहाणा झाला असेल."

राजश्रीने माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, परीक्षा घे. फक्त तुम्हा दोघांना माहीत असेल असं काहीतरी विचार त्या नावात. उत्तर आलं तर तोच, नाही आलं तर दुसरं कोणी. पंधरा मिनिटांत प्रयोग संपतो.

असं विचारण्यासारखं पुष्कळ आहे. पण मी विचारणार नाही. उत्तर चुकलं तर 'जेवलो'सुद्धा हातातून जाईल.

१८ ऑक्टोबर, शनिवार

शाळेला दिवाळीची सुट्टी लागली. दिवसभर घरी. आज कुणीही हात लावला नाही. मी ठेवली तशीच टीम, एक जण जखमी आहे तोही तसाच.

दिवाळीचा माल भरायला गोदामात जास्त काम असणार.

संजय आज विनाकारण चिडचिडे आहेत. दोनदा विचारलं, बाजारात जायचं नाही का तुला.

१ नोव्हेंबर, शनिवार

हे नीट लिहिलं पाहिजे.

सकाळपासून टॅब मांडीवर घेऊन बसले होते. ठरवलं होतं, तो आत आला की आपल्याला बदल दिसेल. एकदा डोळ्यांसमोर होताना बघायचं होतं. संजय पुन्हा पुन्हा दारात येऊन गेले. पाणी पाहिजे का. राजश्री येणार होती ना. मी म्हटलं, काय हवंय तुम्हाला? "काही न्हाई." आता टॅब लपवायचाही कंटाळा आला होता. बघू देत.

आश्चर्य म्हणजे टॅबबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

साडेतीन वाजले. बदल झाला नव्हता. आता कुलूप पडलं म्हणून टॅब मिटला, टेबलावर ठेवला, राजश्रीबरोबर बाजारात गेले. संजयना चला म्हटलं, म्हणाले पाय दुखतोय. पाचला परत आले, सहज उघडला. ताराबाई बेंचवर, दुसरा गोलकीपर आत. कुलूप पडल्यावर.

सोमनाथला फोन केला. तो हसला. "काकू, तिकडं हिवाळ्याला घड्याळ एक तास मागं घेतेत. आता आपल्याकडं साडेचारला बंद हुतंय. वर लिवलेलं आसतंय की टाइम."

वर लिहिलेलं असतं. मी वाचलं नव्हतं. ज्याने बदल केला त्याने वाचलं होतं.

सौरभ? ज्याने परीक्षेच्या हॉलतिकिटावरची वेळ एकदा चुकवली होती तो? इतका नेटका कधीपासून झाला?

नको. नको तिकडे जायला.

८ नोव्हेंबर, शनिवार

संस्थेचे जुने अध्यक्ष वारले. प्रार्थनेनंतर श्रद्धांजली झाली, शाळा सोडून दिली. राजश्रीने घराच्या कोपऱ्यावर सोडलं. दार नुसतं लोटलेलं होतं.

सौरभच्या खोलीतून आवाज आला. पुटपुटल्यासारखा. "तू बस बाबा. गुडघा सांभाळ आधी."

संजय सौरभच्या पलंगाला टेकून खाली फरशीवर बसले होते. मांडीवर टॅब, चार्जरची वायर भिंतीपर्यंत ताणलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बोटाने एका खेळाडूला धरून सावकाश बेंचवर नेत होते. झोपलेल्या लेकराला एका अंथरुणावरून दुसऱ्यावर ठेवावं, तसं.

मग त्यांनी वर बघितलं.

मला आधी काहीच वाटलं नाही. गोधड्यांखालचा टॅब, पाठीतली उसण, चष्मा, पाच डिफेंडर, हे सगळं एका मागोमाग एक येऊन उभं राहिलं, उशिरा आलेली मुलं वर्गाच्या दारात उभी राहतात तसं. आणि सगळ्यांच्या मागे एकच शब्द.

"जेवलो तुम्ही लिहिलंत?"

त्यांनी टॅबची वायर काढून गुंडाळली. म्हणाले, "आठ दिवस धड जेवली न्हवतीस तू."

"खोटं बोललात. माझ्या पोराच्या नावाने."

"माझा न्हाई का तो?"

मी त्यांना आजवर जे बोलले नाही ते सगळं बोलले. ते इथे लिहीत नाही. त्यांनी मधे एकदाच तोंड उघडलं. ऑगस्टात टॅब फोडायलाच घेतला होता म्हणे. एवढं काय बघत होता ते तरी बघावं म्हणून उघडला, तर कोणीतरी टीम भरलेली. मीच असणार हे पहिल्याच दिवशी ओळखलं, कारण जखमी पोरं टीममध्ये तशीच ठेवलेली होती.

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं आणि मला काहीच नाही. एका घरात राहून.

वाईट याचं वाटतं की सौरभ कधीच आत आला नव्हता. त्याने खेळ सोडला म्हणून सांगितलं होतं, ते खरं होतं. पोरगं एकदा खरं बोललं आणि नेमकं त्यावरच माझा विश्वास बसला नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

घरात कामापुरतं बोलणं. मीठ, गॅस, दूधवाला.

आता मला कशाचीच खात्री वाटत नाही. संजय सकाळी फिरायला जातात ते फिरायलाच जातात का? मी झोपल्यावर जागे असतात ते कशासाठी? एकदा संशयाची सवय लागली की चांगल्या गोष्टींवरही तो बसतो. पाण्याचा ग्लास उशाशी आपोआप भरलेला असतो रोज. इतकी वर्षं कोण भरतं हे मी कधी विचारलंच नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

टॅबची काच बदलायला सोमनाथकडे गेले. परवा मी तो जरा जोरात ठेवला होता.

काच बसवता बसवता म्हणाला, "काकू, एक इचारू? मागं ते 'जेवलो' कुणी लिवलं हुतं? सगळी पोरं इचारत हुती. सौरभला फोन केला मी, तर तो म्हनला मी लिवलं न्हाई."

म्हणजे सौरभला कळलं आहे. कोणीतरी त्याच्या नावाने जेवलं हे त्याला माहीत आहे.

मी सांगितलं, त्याच्या पप्पांनी.

सोमनाथ हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. काच बसवून झाली तरी फडक्याने उगाच काउंटर पुसत राहिला. पैसे घेतले नाहीत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शाळेतून आले तर संजय बाहेरच्या खोलीत बसलेले. टॅब समोर टीपॉयवर, मिटलेला, माझी पर्स ठेवायची जागा सोडून अगदी मधोमध. म्हणाले, "मी हात लावला न्हाई. तूच बघ."

पंधरा दिवसांनी सामने होते. नाव तेव्हापासून धर्मापुरी युनायटेडच होतं. काल एक बदल केला होता, वासरू बरं झालंय, त्याला परत आणलं. बाकी त्यांचे पाचही डिफेंडर तसेच.

जेवणं झाली. मी टॅब उघडला. ते उठले नाहीत, मी पण जा म्हटलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी खुर्ची जरा सरकवली. मग चष्मा लावला. मी कॅप्टन कोण करायचा म्हणून बोट फिरवत होते. ते म्हणाले, वासरू नको, आजच दुखण्यातून उठलंय. मी म्हटलं, उठल्यावर कोणाला तरी विश्वास टाकावा लागतो. ते म्हणाले, विश्वास टाकायचा म्हणजे दुप्पट ओझं द्यायचं का? इतक्या दिवसांत आमचं हे सगळ्यात लांब बोलणं.

शेवटी कॅप्टन सटवामामाच ठेवला. एकदा नीट बघावं म्हणून पान पुन्हा उघडलं.

नाव बदललेलं होतं.

मी संजयच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात गुडघ्यांवर होते. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. टॅब टीपॉयवर.

नावाच्या जागी लिहिलं होतं:

डिफेन्स कमी करा पप्पा

दोघंही वाचत राहिलो. मी पान पुन्हा उघडलं. नाव तेच. पण आता कॅप्टनचा पट्टा वासराच्या दंडावर होता. आत्ता, आमच्या डोळ्यांदेखत, कोणीतरी आत होतं.

संजयनी खुर्ची आणखी पुढे ओढली. "सोमनाथ तर नसंल? आपल्याला बरं वाटावं म्हनून?"

मला ठाऊक आहे हा प्रश्न कसा येतो. दोन महिने मी याच प्रश्नासोबत जेवले, झोपले. सोमनाथला फोन करता आला असता. राजश्रीने सांगितलेली परीक्षा घेता आली असती. घड्याळ बघितलं. साडेचारला थोडाच वेळ होता.

"असू दे," मी म्हटलं. "आधी डिफेन्स कमी करा."

फुकटचा बदल मी काल वासरावर संपवला होता. आता कोणाला काढायचं तर चार गुण उणे. संजयनी लाइट बिल कधी शेवटच्या तारखेला नेलेलं नाही, कुठलाही दंड या माणसाने आयुष्यात भरलेला नाही. ते टॅब जवळ घेऊन बसले. पाचही डिफेंडरांवरून बोट फिरवलं, एकापाशी थांबलं, तिथून हललं, परत आलं. मग त्याला काढला. त्याच्या जागी पुढे खेळणारा एक घेतला, नाव माझ्यासारखंच त्यांनाही वाचता आलं नाही.

टॅबवर लाल अक्षरांत उणे चार आलं, आणि खाली विचारलेलं, नक्की?

त्यांनी दाबलं. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले, पुसून झाला तरी.

"चारच गेले," म्हणाले.